घड्याळजीच्या दुकानात बानित्सा

१४ सप्टेंबर, शनिवार

कांचोकाकाने आज दुकानाची किल्ली दिली आणि तिच्याबरोबर ही वही. तो पन्नास वर्षं गावचा घड्याळजी होता. वहीची अर्धी पानं त्याच्या मुंगीएवढ्या अक्षराने भरलेली आहेत, बाकीची कोरी. प्रत्येक पानावर चार रकाने छापलेत: घड्याळ, मालक, दुखणं, कधी देणार. मी रकाने ओलांडून आडवा लिहितोय.

दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. तिथे मी बानित्सा विकणार, सोबत बाजरीची गार आंबील. कागदासारख्या पातळ पोळ्या, मधे चीज आणि अंडं, गुंडाळी करून भट्टीत. या गावात दोन वर्षांपासून सकाळी ताजी बानित्सा मिळत नाही. लोक स्टँडवर उभे राहून पाकिटातलं काहीतरी चावत असतात. ते बघवत नाही.

कांचोकाकाची एकच अट. "संत दिमितरच्या सणाला, सव्वीस ऑक्टोबरला, सकाळी साडेसहाला हे शटर वर असलं पाहिजे. नसलं तर मी जागा जुगाराच्या मशीनवाल्याला देणार. तो दर सोमवारी येऊन माझं डोकं खातो."

"आणि असलं तर?"

"तर वर्षभर तुझी. पण यासेन, मी तुला ओळखतो. तू इलेक्ट्रिशियनचा कोर्स सोडलास. स्पेनमधली स्ट्रॉबेरी सोडलीस. ते जहाज सोडलंस."

"जहाज मी नाही सोडलं, जहाजाने मला सोडलं."

"बरं," म्हणाला, "दुकानाला चाकं नाहीत, एवढंच लक्षात ठेव."

खरं सांगायचं तर आठ वर्षांत मी नऊ कामं केली आणि एकही वर्षभर टिकलं नाही. आंबील मात्र प्रिझरेनला एका म्हाताऱ्याकडे शिकलो ती डोक्यात राहिली. तो आंबिलीशी बोलायचा. तिला 'बाईसाहेब' म्हणायचा. त्याच्याकडे एक आंधळी मांजर होती, ती

हे नंतर लिहीन.

१५ सप्टेंबर

शटर उघडायला गेलो तर दुकानाची पायरी ओली. कांचोकाकाला विचारलं, तर घाईघाईने म्हणाला, "पन्हळ गळते. हो, हो, पन्हळच." तीन आठवडे पाऊस नाही तरी गळते, कमाल आहे. ती पन्हळ आमच्या म्हाताऱ्याने लावलेली. गावातली निम्मी पत्र्याची कामं त्याची. त्याचं एखादं तरी काम गळतं हे बघून बरं वाटलं.

म्हातारा म्हणजे माझा बाप, स्तोइल. तीन गल्ल्या पलीकडे राहतो. गावात येऊन दोन महिने झाले, आम्ही बोललेलो नाही. तो कांचोकाकाबरोबर रोज दुपारी लिंडनच्या झाडाखाली सोंगट्या खेळतो. मी लांबून वळतो.

१९ सप्टेंबर

आज त्या घरावरून जावंच लागलं, नगरपालिकेने रस्ता खणलाय. फाटकावर आईचा कागद आहे. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि नाव घालून काळ्या चौकटीचा कागद छापतात आणि फाटकावर, झाडांवर, बसस्टँडवर चिकटवतात. पुढे दर वर्षी त्या तारखेला नवा. आईला तीस ऑक्टोबरला सहा वर्षं होतील. मी जहाजावर होतो, मला अकराव्या दिवशी कळलं. आलो तेव्हा कागद लागलेला होता. खाली लिहिलं होतं, शोकाकुल: पती स्तोइल, कन्या नेवेना. बास. माझं नाव नाही.

मी काही बोललो नाही, त्याच संध्याकाळी परत गेलो. अठराव्या वर्षी पहिल्यांदा गेलो तेव्हाही असाच. आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की त्याच्या पुढ्यात उंबऱ्यावर पाणी ओततात, काम पाण्यासारखं वाहत जावं म्हणून. आई शाळेच्या पहिल्या दिवशी तांब्याच्या कळशीने ओतायची, माझे बूट भिजायचे. मी गेलो त्या दिवशी कुणी ओतलं नाही. कुणाला सांगितलंच नव्हतं म्हणा.

हे कशाला लिहितोय? आज चीजवाल्याला भेटायचं होतं, ते राहिलं.

२९ सप्टेंबर, रविवार

पोळ्या. पोळ्यांनी माझा जीव घेतलाय.

आंबील येते, चीज कळतं, भट्टी जुनी पण चांगली मिळाली. पण पोळी हाताने ताणायची असते, टेबलभर, आणि ती माझ्याकडे फाटते. म्हणून गिनामावशीकडे गेलो. कापड गिरणीच्या कँटीनमध्ये तीस वर्षं तिने हेच केलं. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेतल्या कुंपणावरची जांभळी फुलं तोडली. तिने मोजली. सहा. एक उपटून खिडकीबाहेर फेकलं.

"अजून मेले नाहीये मी. जिवंत माणसाला सम फुलं देतात का रे? परदेशात गेलास ते मोजायला पण विसरलास?"

"चुकलं, मावशी."

"चुकलंच. बस. हात धू. कोपरापर्यंत!"

तिच्या टेबलावर काच आहे आणि काचेखाली तिच्या नवऱ्याचा निधनाचा कागद. छापणाऱ्याने पन्नास जास्त दिले होते, वाया कशाला घालवायचे. पोळी ताणत ताणत त्याच्यावर आणायची आणि पोळीतून नाव वाचता आलं पाहिजे. "माझा इवायलो दिसला की पोळी झाली," म्हणते. "जिवंतपणी घरात कधी दिसला नाही, आता रोज सकाळी दिसतो."

मला अकरा पोळ्यांत फक्त त्याची टोपी दिसली. मग फाटली.

४ ऑक्टोबर

अन्न तपासणीच्या बाई आल्या. सकाळी पायरी पुन्हा ओली. त्या घसरल्या असत्या तर तिथेच सगळं संपलं असतं, मी धावत जाऊन पोतं टाकलं आणि नगरपालिकेला, पन्हळीला आणि पन्हळ लावणाऱ्याला शिव्या दिल्या.

बाईंनी सगळं बघितलं. बोलतच नव्हत्या, नुसतं लिहीत होत्या. शेवटी भट्टीच्या वर पेन दाखवलं.

"धूर कुठे जातो?"

"वर."

"वर कुठे?"

मी छताकडे बघितलं. छत काळं.

धुराचं पत्र्याचं झाकण आणि नळकांडं हवं, नाहीतर परवाना नाही. एकवीस तारखेला पुन्हा येतील, तो शेवटचा दिवस. असलं मापाचं काम गावात एकच माणूस करतो आणि मी त्याच्या फाटकाशी जाणार नाही. जाणारच नाही. शेजारच्या गावात दोघांना फोन केला, एक नोव्हेंबरात येतो म्हणाला, दुसरा हसला.

५ ऑक्टोबर

कांचोकाका म्हणाला, "जा ना स्तोइलकडे."

"नाही."

"तोंड उघडायला लागेल म्हणून?"

"काका, मशीनवाल्याला जागा दे हवी तर."

काकाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बंद पडलेलं घड्याळ आहे आणि मागचं झाकण काढायला मी त्याला देत नाहीये.

१० ऑक्टोबर

झाकण लागलं!

मी गिनामावशीकडे होतो (चौदा पोळ्या, दोन वेळा इवायलोचं कपाळ दिसलं), परत आलो तर भट्टीच्या वर चकचकीत पत्रा. नळकांडं भिंतीतून बाहेर. कांचोकाका म्हणतो, त्याच्या ओळखीचा कार्लोवो गावचा एक माणूस आहे, तो येऊन लावून गेला. मी त्याला शोधत स्टँडवर पळालो, निदान हातात हात द्यावा म्हणून. पण गेला होता.

जोडांवरून हात फिरवला. दुहेरी दुमड, कुठेही धार नाही, कोपऱ्यात चिमूट काढलेली. आमच्या म्हाताऱ्याचीही अशीच दुमड असते. पत्रेवाले सगळे एकाच पद्धतीने दुमडत असतील. एका जागी मात्र पत्रा वाकडा कापलाय आणि आतल्या बाजूला रक्ताचा वाळलेला डाग.

"त्याला दिसत नाही नीट," कांचोकाका म्हणाला. "डोळ्यात पडदा आलाय. अंगठा कापून घेतला गाढवाने."

"मग असलं काम घेतो कशाला?"

"तेच मी त्याला म्हणालो," काका म्हणाला आणि नाक शिंकरत बाहेर गेला.

१३ ऑक्टोबर, रविवार

आंबील बिघडली. पूर्ण पिंप. प्रिझरेनच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं तिला एकटं सोडू नकोस. आणि मी काल दुपारी एका माणसाबरोबर गेलो, त्याच्याकडे निरोप नेणारी कबुतरं आहेत, सत्तर. एक कबुतर बुखारेस्टहून परत आलेलं. त्याच्या पायातली कडी मी हातात घेतली होती. चार तास कसे गेले कळलं नाही. आलो तर खोलीत उकाडा, आंबील फसफसून जमिनीवर आणि चव अशी की डोळ्यात पाणी.

तेरा दिवस राहिलेत. मी अशा माणसाला जागा दिली नसती.

१६ ऑक्टोबर

क्रुमचा फोन. जहाजावर आम्ही एकत्र भांडी घासायचो. "कालामाता गावी ऑलिव्ह तोडायचेत. राहायचं, खायचं त्यांच्याकडे. समुद्र दिसतो. बावीसला तुझ्याच गावातून बस आहे, जागा धरू का?"

म्हटलं, माझं दुकान आहे.

"तुझं?" म्हणाला आणि इतका वेळ हसला की शेवटी मीही हसलो. पण 'नको रे' असं म्हणालो का मी? आठवून बघतोय, आठवत नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पायरी ओली होती, पोतं आधीच तयार ठेवलं होतं.

बाईंनी झाकणावर हात ठेवला, नळकांड्याला कागद लावून बघितला, हवेच्या ओढीने कागद चिकटला. सही केली. जाताना पहिल्यांदाच एक पूर्ण वाक्य बोलल्या: "हे ज्याने केलं त्याला माझ्याकडे पाठवा, जिल्ह्यात तीन स्वयंपाकघरं अडकलीत."

परवाना मिळाला. पोळ्या येतात, दहातल्या सात. आज इवायलोचं आख्खं नाव वाचलं, जन्मसालासकट. गिनामावशी म्हणाली, "बरं चाललंय," आणि तोंड फिरवलं, म्हणजे फारच बरं असणार.

मग मला झोप का येत नाही? कालपर्यंत दोष द्यायला बाई होत्या, त्याआधी पत्रा होता, त्याआधी पोळ्या. आता काहीच नाही. सव्वीसला शटर वर गेलं आणि कुणीच आलं नाही तर तो फक्त मी असेन. आणि सगळे आले तर? तर सत्तावीसला पुन्हा उघडायचं. अठ्ठावीसला पुन्हा. एकाच दारातून, एकाच वेळी, वर्षभर.

क्रुमला फोन केला. जागा धर म्हटलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहायला लाज वाटते, पण वही खोटी लिहायची तर कशाला लिहायची.

सकाळी पिशवी भरली. किल्ली पाकिटात घालून कांचोकाकाच्या दाराखालून सरकवणार होतो, मग वाटलं स्टँडवरून पोस्टाने टाकतो. बस नऊ दहाची. पावणेनऊला स्टँडवर.

तिथे भिंतीवर निधनाच्या कागदांचा फळा आहे. एक म्हातारी बाई, हातात भाजीची पिशवी, प्रत्येक कागदावर बोट फिरवून वाचत होती. मग दुसरी आली. मग चष्मेवाला एक जण. तिघं मिळून अर्धा तास वाचत होते आणि बोलत होते. "हा कोण गं? दूधवाल्या पेंकोचा भाऊ?" "नाही, तो गेल्या वर्षी गेला." "मग हा कोण?" शेजारी मोबाइलच्या दुकानाचा केवढा रंगीत फलक, त्याच्याकडे एकानेही मान वळवली नाही. मी बघत राहिलो. या गावात लोक एकच गोष्ट वाचतात! रोज वाचतात, उभं राहून, शेवटच्या शब्दापर्यंत. माझं पत्रक तिथे लागलं पाहिजे, त्यांच्यातच, त्याच उंचीवर. फोटो हवा, कारण ते आधी फोटो बघतात. मी डोक्यात मजकूर जुळवायला लागलो आणि

बस गेली. मी पाठमोरी बघितली, वळणावर. क्रुमने सतरा वेळा फोन केला असावा.

पिशवी घेऊन तसाच स्पासकडे गेलो. तो गावात छपाई करतो, म्हणजे मुख्यतः हेच कागद छापतो. त्याच्या यंत्रात फक्त काळी शाई आणि एक तयार साचा: वर फोटो, मधे नाव, खाली तारीख, वेळ, ठिकाण. म्हटलं, उत्तम, मला एवढंच हवंय. पारपत्राचा फोटो दिला. क्रूस काढायला लावला, त्या जागी गव्हाची लोंबी.

"चौकट ठेवू?" स्पास म्हणाला.

"ठेव, नीटनेटकं दिसतं."

"यासेन, लोक जरा..."

"वाचतील ना?"

"वाचतील. वाचतील हे नक्की."

त्याच वेळी मला त्याचं कासव दिसलं. हिवाळ्याच्या झोपेसाठी त्याला वर्तमानपत्राच्या कपट्यांत गुंडाळून खोक्यात ठेवायचं चाललं होतं, मग मी कपटे करायला बसलो. कासव एकोणतीस वर्षांचं आहे, माझ्याहून मोठं. स्पास छपाईचे खिळे जुळवत म्हणाला, "तुझ्या वडिलांनी तुझ्या आईचा तीस तारखेचा कागद आणून दिलाय. यंदा खाली एक नाव वाढवायला सांगितलंय. सहा वर्षांत पहिल्यांदा."

"वाढवणारच," म्हटलं. "नेवेनाताईला मार्चमध्ये मुलगा झाला ना."

स्पासने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तसं असेल," आणि खोक्याला झाकण लावलं.

पत्रक असं: यासेन स्तोइलोव्ह. शनिवार, २६ ऑक्टोबर, सकाळी साडेसहा. जुनं घड्याळजीचं दुकान. सर्वांनी यावं. आणि अगदी खाली, जागा उरली तेवढ्यात, लहान अक्षरात: बानित्सा, आंबील.

२४ ऑक्टोबर

शंभर कागद लावले. स्टँड, दवाखाना, पाण्याच्या टाकीजवळची पॉप्लरची झाडं, चर्चची भिंत. डिंकाने बोटं चिकटलीत.

कांचोकाका दोन दिवस गावात नाही. कुणा मित्राचं डोळ्याचं ऑपरेशन आहे प्लॉव्हदिवला, सोबत गेलाय. जाताना सतरा वेळा म्हणाला, "शनिवारी पहिल्या बसने येतो. साडेसहाला शटर. मी घड्याळ लावून बघणार."

तो मित्र कोण हे मी विचारलं नाही. त्याचे सगळेच मित्र आंधळे होत चाललेत.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

गावाची नजर बदललीय. आधी मी म्हणजे स्तोइलचा वाया गेलेला पोरगा. आज लोक थांबून बघतात. चर्चजवळ एका म्हाताऱ्याने माझ्या पत्रकासमोर टोपी काढली, खरोखर काढली! औषधाच्या दुकानातली बाई मला बघून क्रूसाची खूण करत काहीतरी पुटपुटली, आशीर्वादच असणार. भाजीच्या गल्लीत एका बाईच्या हातातून मिरच्यांची पिशवी खाली पडली, मी वेचून दिल्या तर मागे सरकली. "बाई, उद्या या हं," म्हटलं. पिशवी छातीशी धरून निघून गेली. छापील शब्दाला केवढी किंमत असते.

आंबील चांगली झालीय. तासातासाने बघतोय. तिला 'बाईसाहेब' म्हणून बघितलं, जरा विचित्र वाटलं, पण म्हटलं.

भीती वाटतेय. भूक नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

हात नीट चालत नाहीयेत, तरी आजच लिहायला हवं.

चारला दुकान. गिनामावशीला चाकाच्या खुर्चीतून ढकलत आणलं, वाटेभर शिव्या देत होती. पायरीवर पोतं टाकायला वाकलो तर पायरी कोरडी. कोरडी ठणठणीत. आज, नेमकी आज, पन्हळ गळेनाशी झाली होती. बरं वाटायला हवं होतं. पण मी तिथे उभा राहिलो पोतं हातात घेऊन, आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं.

पहिल्या तीन पोळ्या फाटल्या. मावशी म्हणाली, "हात कुणाचे आहेत ते? थांब. श्वास घे. इवायलोकडे बघ." कागद आणला होता तिने, टेबलाच्या काचेखाली घातला. चौथ्या पोळीतून इवायलो दिसला.

साडेसहाला शटर वर केलं. बाहेर अंधार आणि कुणी नाही.

सहा चाळीस. कुणी नाही. मावशी आंबील पीत होती, माझ्याकडे न बघता.

पावणेसातला गल्लीच्या टोकाला माणसं दिसली. सात-आठ, सगळी काळ्या कपड्यांत, हळू चालत. मला वाटलं चर्चला निघालीत, सण आहे. पण ती वळली आणि सरळ माझ्याकडे आली. हातात फुलं. पुढे कालची मिरच्यावाली बाई. तिने दारात येऊन मला बघितलं आणि मागच्या बाईचा दंड धरला.

"सांगत होते ना तुला! काल मी बघितला त्याला, मिरच्या उचलून दिल्या त्याने!"

"अगं बाई, हा तर उभा आहे!"

"उभा कसा? कागदावर तर..."

"पोरा," चर्चजवळचा टोपीवाला म्हातारा पुढे आला, "तू गेलास की नाही गेलास? स्पष्ट सांग. मी पाच किलोमीटरवरून आलोय."

गिनामावशीने पत्रक बघितलं नव्हतं. तिने एकाच्या हातातून ते घेतलं, वाचलं, आणि तिच्या खुर्चीची चाकं हलायला लागली इतकी हसली. "गाढवा! स्वतःचा निधनाचा कागद लावलास तू गावभर! चौकटीसकट!"

माझे कान तापले. तेवढ्यात भट्टीची घंटी वाजली आणि पहिला ट्रे बाहेर आला आणि वास गेला गल्लीभर. ती माणसं पहाटेपासून उपाशी होती. टोपीवाला म्हणाला, "आलोच आहोत तर." आणि पुढे सरकला.

मी कापत होतो, मावशी देत होती. मागून अजून लोक येत होते, आता हसत, बातमी फिरलीच असणार. मग अचानक सगळे बाजूला सरकले.

दारात बाबा होते.

काळा कोट, गुंड्या वाकड्या लागलेल्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी. अंगठ्यावर मळकं बांधलेलं. एका हातात दोन शेवंत्या, दुसऱ्या हातात स्टँडच्या भिंतीवरून फाडलेला कागद, मागे डिंक तसाच. धापा टाकत होते. त्यांच्या मागे गल्लीतून कांचोकाका पळत येत होता आणि ओरडत होता, "अरे नीट वाच म्हटलं ना! खाली वाच! थांबतोय कुठे हा!"

बाबांनी एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. ट्रे माझ्या हातात होता, भाजत होता, मला खाली ठेवायचं सुचलं नाही.

"हे काय आहे?" आवाज फाटका होता.

"पत्रक... दुकानाचं."

"मला वाचता येतं. नाव वाचलं. तारीख वाचली. मग खाली बघितलं."

"खाली बानित्सा लिहिलंय, बारीक आहे, तुम्हाला दिस..."

"खाली माझं नाव नाही!"

इतक्या जोरात ओरडले की कांचोकाका दारातच थांबला.

"माझ्या पोराचा कागद लागतो स्टँडवर, आणि त्याच्याखाली बापाचं नाव नाही? कुणी ठरवलं? सांग ना, कुणी ठरवलं? स्पासने? तू? फुलवाली म्हणाली, किती देऊ. आणि मला दोन म्हणावं लागलं. दोन! जीभ उचलेना माझी."

सहा वर्षं माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. जहाजावर पाठ केलेलं, कामगारांच्या बराकीत पाठ केलेलं. ते दातांपर्यंत आलं. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं. मग वर भट्टीकडे, पत्र्याच्या कोपऱ्यात काढलेल्या चिमटीकडे.

"चुकलं, बाबा," म्हटलं.

त्यांनी दोन शेवंत्यांतली एक काढली, कुठे टाकावी हे कळेना म्हणून स्वतःच्या खिशात कोंबली. उरलेली एक माझ्या पिठाच्या टेबलावर ठेवली. मग इकडेतिकडे बघितलं, आंबिलीचा रिकामा जग उचलला, नळाखाली धरला, भरला, आणि लोकांना कोपरांनी बाजूला करत दाराशी गेले.

"बाहेर ये."

"बाबा, शटर तर उघडलंय, आता..."

"बाहेर जा आणि आत ये म्हटलं ना!"

मी बाहेर गेलो. त्यांनी पायरीवर पाणी ओतलं, सगळं, एकदम, माझ्या बुटांवर. मी त्यावरून आत आलो. बायका टाळ्या वाजवत होत्या. कांचोकाकाने खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, कानाशी लावलं आणि परत ठेवलं.

"शटर वर आहे," म्हणाला. "मला कोपऱ्यातला तुकडा दे, करपलेला."

२७ ऑक्टोबर, रविवार

साडेसहाला उघडलं. पायरी ओली होती. नगरपालिकेची माफी मागायला हवी.

क्रुमला आज फोन करणार होतो. हात पिठाचे होते, मग राहिलं.

दुपारी नेवेनाताईचा फोन. तिला सगळं कळलंय, आधी हसली, मग नाही. म्हणाली, बुधवारी आईची तारीख आहे. बाबांना एका डोळ्याने नवा कागद सरळ चिकटवता येणार नाही, तू जाशील का? फक्त डिंक धर आणि कागद सरळ आहे का ते सांग.

जाईन म्हटलं. दुकान नऊला आवरतं, साडेनऊला फाटकाशी असेन. डिंक धरेन, कोपरे दाबेन. वाचणार मात्र नाही. त्यावर खाली काय लिहिलेलं असतं ते मला पाठ आहे.